झाड मेल्यावर जाग येऊन काय उपयोग?

डीएनए टेस्ट म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? खून, फॉरेन्सिक लॅब, नाहीतर वेब सिरीजमधला शेवटचा ट्विस्ट. बरोबर? पण कॅनडात हीच टेस्ट पतंगाच्या अंड्यांवर होते. हसू नका. त्या अंड्यांवर अख्ख्या जंगलाचं भवितव्य अवलंबून असतं.

स्पंजी मॉथ नावाचा एक पतंग आहे. आकाशात उडवायचा नव्हे, दिव्यावर येतो तो. त्याच्या अळ्या झाडाची पानं फस्त करतात. त्याची युरोपियन जात उत्तर अमेरिकेत दीडशे वर्षांपासून आहे, पण तिच्या मादीला उडता येत नाही, म्हणून ती हळूहळू पसरते. आशियाई जातीची मादी मात्र मस्त उडते. पूर्व आशियातल्या बंदरांवरच्या दिव्यांकडे ती येते, जहाजावर अंडी घालते आणि ती अंडी फुकटात समुद्र ओलांडतात. १९९१ मध्ये ही जात व्हँकुव्हरला सापडली, तर पुढच्या वर्षी शहरावर विमानातून जैविक फवारणी करावी लागली!

गोची अशी, की दोन्हींची अंडी डोळ्यांना सारखीच दिसतात. इथे जीनोमिक्स कामाला येतं. अंड्यातला डीएनए वाचला की जात कळते. जीनोममधल्या बऱ्याच जागा ताडून पाहिल्या, तर ती साधारण कुठल्या भागातून आली याचाही अंदाज येतो. म्हणजे कुठल्या मार्गावर तपासणी कडक करायची तेही ठरवता येतं.

आता उलटं उदाहरण बघा. ‘एमराल्ड अ‍ॅश बोरर’ हा हिरवा चकचकीत भुंगेरा २००२ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइट परिसरात सापडला. नंतर मेलेल्या झाडांच्या खोडातली वर्तुळं मोजली, तेव्हा कळलं की पाहुणा नव्वदच्या दशकापासूनच मुक्कामाला होता. त्याच्या अळ्या सालीखाली पोखरतात, वरून काही दिसत नाही. दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. तिथली कोट्यवधी अ‍ॅश झाडं गेली. या लाकडाच्या पट्ट्यांपासून पिढ्यान्‌पिढ्या टोपल्या विणणाऱ्या आदिवासींच्या हातातलं कामही धोक्यात आलं.

म्हणून मला वाटतं, पैसा करवतीवर नाही, अंडं ओळखण्यावर खर्च व्हायला हवा. अडचण एवढीच, की यात यश मिळालं तर काहीच घडत नाही. आणि न घडलेल्या गोष्टीची ना बातमी होते, ना रील.

डीएनए म्हणजे जादूची कांडी नाही, हेही खरं. जगभरचे नमुने गोळा करून त्यांची लायब्ररी आधी तयार नसेल, तर ताडून कशाशी बघणार? आणि जहाजावर चढून अंडी शोधणारी माणसं तर लागणारच. पण हे सगळं संकट येण्याआधी उभं करायचं असतं.

‘कॅनडाचं आम्हाला काय?’ असं म्हणू नका. घरातल्या मोठ्यांना सुबाभळीबद्दल विचारा. १९८८ च्या सुमारास एक बारीक परदेशी कीड भारतात आली आणि तिने सुबाभळीचे कोवळे शेंडे शोषून टाकले. आज तर न्हावाशेवाला रोज कंटेनर उतरतात. तुमच्या आवडत्या कॅफेतलं पॅलेटचं फर्निचर नीट बघा. लाकडावर गव्हाच्या ओंबीचा शिक्का आणि ‘एचटी’ अशी अक्षरं दिसतील. लाकूड आतपर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलंय, किडे मारलेत, असा त्याचा अर्थ. एवढी काळजी जग उगाच घेत नाही.

बायोटेक करणाऱ्यांनो, तुमची डिग्री फक्त फार्मा कंपनीसाठी नाही. जंगलालाही डिटेक्टिव्ह हवेत. आणि बाकीच्यांनो, अशा ‘बोअरिंग’ संशोधनाला पैसे कशाला, असं कुणी म्हणालं तर गप्प बसू नका. वठलेल्या झाडावर हळहळण्यापेक्षा ते बरं.