पाण्याचा धनी कोण?

पाणी फुकट मिळाले की माणूस ते उधळतो. तेव्हा त्याचा भाव ठरवा आणि कारभार कंपन्यांच्या हाती सोपवा, असा उपदेश गरीब देशांना गेली काही दशके केला जात आहे. हा उपदेश आम्हांला मान्य नाही.

दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हियाने तो मानला. 1999 साली कोचाबांबा शहराचा पाणीपुरवठा 40 वर्षांच्या कराराने एका परदेशी कंपनीसमूहाला देण्यात आला. जानेवारी 2000 मध्ये वाढीव बिले आली. कित्येक घरांचे बिल दुपटीवर गेले. पण लोक चिडले ते केवळ बिलाने नव्हे. वस्त्यांनी स्वतः पैसे जमवून खणलेल्या विहिरीही नव्या कायद्याने कंपनीच्या कक्षेत जाणार होत्या! ज्या विहिरीसाठी कंपनीने कुदळ उचलली नाही, तिच्यावर हक्क कोणत्या न्यायाने? लोक रस्त्यावर उतरले, गोळीबारात 17 वर्षांचा एक मुलगा मारला गेला आणि एप्रिलमध्ये सरकारला करार मोडावा लागला.

बोलिव्हिया मागासलेला म्हणून असे घडले, असे कोणी म्हणेल. मग इंग्लंडकडे पाहावे. तेथे 1989 साली पाणीपुरवठा व सांडपाण्याची व्यवस्था विकताना सरकारने सुमारे 5 अब्ज पौंडांचे जुने कर्ज माफ केले. त्या कंपन्यांनी पुढे भागधारकांना लाभांश वाटला, पुन्हा कर्जाचे डोंगर उभे केले, आणि नद्यांत मैला सोडल्याबद्दल दंडही भरला. याउलट पॅरिस शहराने 2010 साली पाणी दोन बड्या कंपन्यांकडून परत घेतले आणि पुढच्याच वर्षी दर 8 टक्क्यांनी उतरवला.

म्हणून सरकारी पाटी लावली की भागले, असेही आम्ही म्हणत नाही. कोचाबांबात कारभार पुन्हा सार्वजनिक झाला, तरी दक्षिणेकडील टेकड्यांवरची गरीब वस्ती पुढेही वर्षानुवर्षे टँकरचेच पाणी विकत घेत राहिली. खरा प्रश्न हिशेब कोण मागू शकतो हा आहे. नेदरलँड्समध्ये बांध, कालवे आणि पाण्याची पातळी सांभाळणारी जलमंडळे तेराव्या शतकापासून आहेत. ती स्वतःचा कर बसवतात आणि त्यांच्या सभासदांपैकी बहुतेकांना रहिवासी मते देऊन निवडतात. (समुद्रसपाटीखाली राहणाऱ्यांना हे शहाणपण लवकर सुचले असावे.) 2004 च्या कायद्याने तर त्या देशाने पिण्याच्या पाण्याचा पुरवठा खाजगी कंपन्यांना बंदच करून टाकला.

आमच्या महाराष्ट्रानेही 2005 साली कायदा करून जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापन केले. धरणाच्या पाण्याचे दर ते ठरवते. त्याचे सदस्य मात्र निवडून येत नाहीत. त्यांची नेमणूक होते. कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाण्याची वाट पाहणारा शेतकरी तेथे हरकत नोंदवू शकतो. मत देऊ शकत नाही.