सरावात हरायला शिका
तलवारबाजीच्या सरावाला आलेली मुलं मास्क चढवला की लगेच गुण मोजू लागतात, आणि निम्मा सराव तिथेच वाया जातो. स्पर्धेत ५ किंवा १५ गुणांचा हिशेब असतोच. सरावात तो बाजूला ठेवावा. १४ मीटरच्या पट्टीवर उतरताना एकच हेतू धरावा. आज फक्त अंतर पाहायचं: समोरच्याचं पातं कुठून पोहोचतं, आपण लंज (पुढे झेपावून केलेला वार) केव्हा मारायचा, आणि तो हुकला तर किती चटकन सावरतो. हातखंडा डाव मुद्दाम म्यानात ठेवून कच्चा डाव खेळावा, त्यात मार खावा. आपल्यापेक्षा नवख्यासमोर अचूकपणा घोटावा, सरसासमोर बचाव. पायांची कवायत कंटाळवाणी म्हणून टाळू नये. हात पोहोचतो तो पायांमुळेच. घरी गेल्यावर आज कुठे फसलो, ते वहीत दोन ओळींत लिहावं. ऑलिंपिक गाठणारी पहिली भारतीय तलवारबाज भवानी देवी हिने चेन्नईत सुरुवातीचा सराव बांबूच्या काठ्यांनी केला, आणि टोकियोत २०२१ मध्ये पहिली लढत १५-३ अशी जिंकली. साधनं तोकडी असली तरी चालतात, मुलांनो; लक्ष मात्र तोकडं पडता कामा नये.