विश्लेषण : एमआरआय यंत्राला हेलियमच का लागतो?

जून २०१७ मध्ये सौदी अरेबियासह शेजारी देशांनी कतारशी संबंध तोडले आणि सीमा बंद झाली. कतारमधल्या रास लफान इथले हेलियमचे दोन्ही प्रकल्प थांबवावे लागले, कारण तिथला माल रस्त्याने सौदीमार्गे अमिरातीतल्या बंदराकडे जायचा. जगाला लागणाऱ्या हेलियमचा पाव हिस्सा तरी कतारमधून येत होता. प्रकल्प काही आठवड्यांत सुरू झाले, पण एमआरआय यंत्रांचं काय होणार, हा प्रश्न तोवर जगभर विचारला जाऊ लागला होता.

फुग्यातल्या वायूचा रुग्णालयाशी काय संबंध?

उत्तर गोठण्याच्या तापमानात आहे. एमआरआयचं चुंबक नायोबियम-टायटॅनियमच्या तारांच्या वेटोळ्यांचं असतं. या तारा उणे २६४ अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याखाली असल्या, तरच त्यांचा विद्युतरोध शून्य होतो. इतक्या थंडीत नायट्रोजन केव्हाच गोठलेला असतो (उणे २१० अंश). हायड्रोजनही उणे २५९ अंशांना घट्ट होतो. द्रवरूपात उरतो तो एकटा हेलियम.

हेलियम उणे २६९ अंशांना उकळतो. पण हवेच्या नेहमीच्या दाबाखाली तो कितीही थंड केला तरी गोठत नाही. म्हणजे त्या दाबाला त्याला वितळणबिंदूच नाही. अणू हलके, त्यांच्यातलं आकर्षण नगण्य आणि शून्याच्या टोकालाही त्यांची हालचाल थांबत नाही. तो घनरूप करायला हवेच्या दाबाच्या सुमारे २५ पट दाब लागतो. विलेम केसोम यांनी नेदरलँड्समधल्या लायडन इथे १९२६ मध्ये हे पहिल्यांदा साधलं.

मग कारखान्यात तयार का करत नाहीत?

युरेनियम, थोरियमच्या किरणोत्सर्गातून तो जमिनीखाली कोट्यवधी वर्षांत साठतो आणि नैसर्गिक वायूसोबत वर येतो. एकदा हवेत सुटला की परत गोळा करणं परवडत नाही. त्यामुळे पुरवठा अमेरिका, कतार अशा मोजक्या देशांच्या हाती आहे. अमेरिकेने तर आपला सरकारी साठा २०२४ मध्ये खासगी कंपनीला विकून टाकला. भारत जवळपास सगळा हेलियम आयात करतो.

काही लिटर हेलियमवर चालणारी सीलबंद यंत्रं आता आली आहेत. मात्र वापरातल्या बहुतेक जुन्या यंत्रांत हजार लिटरहून अधिक द्रव हेलियम असतो. चुंबक अचानक तापलं, तर तो उकळून छतावरच्या नळीतून बाहेर जातो आणि टाकी पुन्हा भरेपर्यंत तपासणी बंद राहते.