दिवाळं म्हणजे पाप नव्हे



गेल्या चातुर्मासात व्याख्यान सुटल्यावर पायऱ्यांवर चपला शोधताना एक बोलणं कानावर आलं. "त्यांचं दिवाळं निघालं म्हणे. आता भाऊ तुरुंगात जाणार, भाभींच्या अंगावरचं सगळं जाणार. काहीतरी पाप केलं असेल, त्याशिवाय का?" बोलणाऱ्या तिघीही नुकत्याच सामायिक करून उठल्या होत्या. मी तिथेच बोलायला हवं होतं. बोलले नाही, म्हणून आज लिहिते.

आपलं ओतूर कांद्याच्या बाजारावर चालतं. भाव पडला की शेतकरी अडकतो आणि त्याच्यामागे दुकानदाराची उधारीही अडकते. आज त्यांच्या घरी आलेली वेळ उद्या कोणाच्याही घरी येईल. म्हणून खरं काय ते माहीत असू द्या.

"तुरुंगात जाणार", हे पहिलं खोटं. प्रामाणिकपणे पैसे नसतील, तर केवळ फेडता आलं नाही म्हणून माणसाला तुरुंगात टाकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1980 सालीच सांगितलं आहे. पैसे असून दडवले तर गोष्ट वेगळी. आणि दिवाणी कायद्याप्रमाणे पैशाच्या हुकूमनाम्यापोटी स्त्रीला तर अटक करताच येत नाही. वसुलीवाला दारात येऊन "बाईंना आत टाकू" म्हणाला, तर हे वाक्य त्याला ऐकवा. मात्र न वटलेला चेक हा फौजदारी मामला आहे, तिथे ही सवलत नाही. कोऱ्या चेकवर सही करू नका.

"सगळं जाणार", हे दुसरं. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, आणि धर्माच्या रीतीप्रमाणे जो दागिना स्त्रीला उतरवता येत नाही तो, यांवर जप्ती येत नाही. स्त्रीधन तर बाईचंच, नवऱ्याचं नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने 1985 साली ते स्पष्ट केलं आहे. पण गहाण ठेवलेलं घर किंवा सोनं मात्र सुटत नाही. त्यावर गहाण घेणाऱ्याचा हक्क राहतोच.

"नवऱ्याचं कर्ज बायकोने फेडायचं", हे तिसरं, आणि आपल्याला सर्वांत महागात पडणारं. नुसतं लग्न झालं म्हणून कर्ज अंगावर येत नाही. ते येतं सहीने. जामीनदार म्हणून सही केली की तुमची जबाबदारी नवऱ्याइतकीच. "अगं, इथे एक सही कर" म्हटल्यावर मीही पदराला हात पुसत न वाचता सही केली आहे, एकदा नव्हे, दोनदा. आणि मी बी.कॉम. झालेली! कर्ज कंपनीच्या नावावर असेल तर आणखी जपा. 2016 च्या नव्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींसाठीचा भाग अजून सर्वांना लागू नाही, पण कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना तो 1 डिसेंबर 2019 पासून लागू आहे. बाकीच्यांसाठी आपल्याकडे अजून 1920 चाच नादारीचा कायदा चालतो आणि त्याचा अर्ज जिल्हा न्यायालयाकडे जातो.

काही शहाणे सल्ला देतात, "आधी घर बायकोच्या नावावर करा, मग हात वर करा." हे चौथं. नादार ठरण्याआधीच्या दोन वर्षांत असं फुकट नावावर केलेलं न्यायालय रद्द करू शकतं. मालमत्ता दडवणं हा तर गुन्हाच आहे. यात बाईचं नाव ढाल म्हणून वापरलं जातं आणि कोर्टाच्या चकरा तिलाही माराव्या लागतात.

पाचवं, "अर्ज केला की मोकळे." तसंही नाही. रुपयाला आठ आणेसुद्धा फेडण्याजोगी मालमत्ता उरली नसेल, तर असं का झालं आणि त्यात आपला दोष कसा नाही, हे न्यायालयाला पटवावं लागतं. मागच्या तीन वर्षांच्या वह्या नीट ठेवल्या नसतील, सट्टा केला असेल किंवा ऐपतीबाहेर उधळपट्टी केली असेल, तर पूर्ण सुटका मिळत नाही. आपल्या लग्नांतले मांडव आठवा! सरकारी देणं आणि बायको-मुलांची पोटगी तर सुटतच नाही.

आता धर्माचं. "देणेकऱ्याला दीक्षासुद्धा देत नाहीत," असं एकीने मला सुनावलं. खरं आहे. दीक्षेला अयोग्य मानलेल्यांत ऋणार्त येतो. पण त्याच यादीत बालक आणि आजारीही येतात. ते पापी आहेत का? त्याचा अर्थ एवढाच, की आधी देण्याचा निकाल लावून या. आणि नादारीचा अर्ज म्हणजे दुसरं काय? कोणाचं किती देणं, जवळ काय उरलं, सगळं शपथेवर मांडायचं. आपण गुरूंपुढे आलोयणा करतो, तशीच ही धनकोंपुढची. पाप असेल तर ते लपवण्यात आहे, एका सावकाराचं फेडायला दुसऱ्याकडून चढ्या व्याजाने उचलण्यात आहे.

आणखी एक कडू गोष्ट. 1875 साली आपल्याच पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली. त्या सावकारांत बरेच मारवाडी आणि गुजर होते, म्हणजे आपल्यासारख्यांचे पूर्वज. त्यातून 1879 चा कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांत कर्जापायी शेतकऱ्याला कैदेत टाकणं बंद झालं आणि त्याला नादारीचा अर्ज करण्याची वाट मिळाली. तेव्हा वही आपल्या हातात होती. ज्या वाटेला तेव्हा आपण नाकं मुरडली असतील, तीच आज आपल्या घरांना लागते आहे. आता तरी नाकं मुरडू नका.

पूर्वी दिवाळं निघालं की पेढीवर भर दिवसा दिवा लावून ठेवत, असं सांगतात. मला त्या दिव्यात लाज दिसत नाही. "माझ्याकडे आता एवढंच आहे, या आणि पाहा," असं तो उघड सांगत होता. दार लावून, व्याजावर व्याज चढवत, एक दिवस दोरी शोधण्यापेक्षा तो दिवा लाख पटीने बरा.

त्या भाभी हल्ली व्याख्यानाला येत नाहीत. पुढच्या वेळी आपल्यापैकी कोणीतरी त्यांना घरी जाऊन घेऊन या, आणि शेजारी कटासणं पसरून द्या. मी तर जाणारच आहे. त्या दिवशी पायऱ्यांवर गप्प बसले, त्याबद्दल आधी त्यांनाच मिच्छामि दुक्कडम् म्हणायचं आहे.