शब्दांतला कापूस

मैत्रिणींनो, शाळेतली पालकसभा असो की सोसायटीची वार्षिक सभा, एक गोष्ट हमखास घडते. कुणी तरी उठतं, घसा खाकरतं नि फर्ड्या इंग्रजीत पंधरा मिनिटं बोलतं. फी का वाढली, पाणी एकच वेळ का येतं, हे विचारायचं आपण घरून ठरवून गेलेल्या असतो. पण ते इंग्रजी ऐकलं की तोंडाला कुलूप लागतं. मग तोच प्रश्न आपण घरी येऊन यजमानांना तावातावाने विचारतो!

पण गंमत सांगू? अशा फुगीर बोलण्याची थट्टा खुद्द इंग्रजीनेच भरपूर करून ठेवली आहे. आणि त्यासाठी शब्द घेतले आहेत तेही चक्क घरातले.

'बॉम्बॅस्टिक' घ्या. त्याचा बॉम्बशी काही संबंध नाही बरं का! 'बॉम्बॅस्ट' म्हणजे मुळात कपड्यांत भरायचा कापूस. सोळाव्या शतकात इंग्लंडातले शौकीन पुरुष अंगरख्यात असं भरण घालून ऐटीत मिरवत. पुढे फुगवलेल्या भाषेलाही तेच नाव पडलं. त्याचंच भावंड 'फस्टियन'. हे एका जाड्याभरड्या कापडाचं नाव. तेही पोकळ, डौलदार भाषणाला चिकटलं. उशीला कापूस हवाच, पण वाक्याला कशाला?

'बंकम'ची तर गोष्टच आहे. १८२० साली अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात मिसूरी राज्याच्या प्रश्नावर चर्चा चालू होती. मतदानाची घाई झालेली, तरी फेलिक्स वॉकर हे सभासद बोलायला उभे राहिले. बाकीचे 'पुरे' म्हणू लागले, तेव्हा ते म्हणाले, की मला बंकमसाठी बोलायलाच हवं. बंकम म्हणजे नॉर्थ कॅरोलायनातल्या त्यांच्या मतदारसंघातला परगणा. तेव्हापासून पोकळ बडबडीला 'बंकम' म्हणू लागले.

आणि 'सोपबॉक्स' म्हणजे साबणाचं रिकामं लाकडी खोकं. ज्याला व्यासपीठ मिळत नाही, त्यानं चौकात खोकं पालथं घालावं, वर उभं राहावं नि बोलावं. या शब्दातही थोडी थट्टा आहे, पण मला तो आवडतो. इंग्लंडातल्या बायकांना मताचा हक्क नव्हता, तेव्हा त्याही अशाच उघड्यावर उभ्या राहून बोलल्या. २१ जून १९०८ रोजी लंडनच्या हाइड पार्कात वीस व्यासपीठं मांडून त्यांनी प्रचंड सभा घेतली. पुरुषांच्या बरोबरीने मत मिळायला १९२८ साल उजाडलं. पण मागणी पहिल्यापासून तीन शब्दांची होती : आम्हांला मत हवं.

तेव्हा पुढच्या सभेत कुणी 'अ‍ॅट धिस पॉइंट इन टाइम' म्हणालं, तर दबून जाऊ नका. त्याचा अर्थ 'नाऊ', म्हणजे आत्ता. 'कमेन्स' म्हणजे 'स्टार्ट', 'युटिलाइज' म्हणजे 'यूज' आणि 'इन द इव्हेन्ट दॅट' म्हणजे नुसतं 'इफ'. कापूस काढून टाकला, की उरतं ते आपल्याला कळणारंच असतं.

आता बोलायचं कसं? आदल्या दिवशी आपला प्रश्न चिठ्ठीवर दोन ओळींत लिहा. स्वयंपाकघरात एकदा मोठ्याने वाचून बघा. सभेत उभ्या राहा, नाव सांगा, प्रश्न विचारा आणि 'याचं उत्तर मला आजच हवं आहे' एवढं म्हणून मगच बसा. समोरच्यानं पुन्हा कापूस पिंजायला घेतलाच, तर शांतपणे तोच प्रश्न परत विचारा.

आणि खुशाल मराठीत विचारा. फी मराठीतही तेवढीच वाढलेली असते!