प्राणवायू पोहोचला का?

हृदयशस्त्रक्रिया झालेल्या आप्तास भेटण्यासाठी अतिदक्षता विभागात गेल्यावर आपली दृष्टी प्रथम पडद्यावरील आकड्यांकडे जाते. बोटाला लावलेल्या चिमट्याचा आकडा ९८ दिसला, की आपला जीव भांड्यात पडतो. कपाळावरील पट्टीचा आकडा ६५ दिसला, की काळजाचा ठोका चुकतो. वस्तुतः हे दोन आकडे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात.

बोटाचे यंत्र, म्हणजे पल्स ऑक्सिमीटर, धमनीतील हिमोग्लोबिनचा किती भाग प्राणवायूने भरला आहे एवढेच सांगते. व्यापाराच्या भाषेत बोलायचे, तर गाड्या भरून निघाल्या हे कळते. गाड्या किती होत्या आणि माल पेढीवर उतरला का, हे कळत नाही. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर प्राणवायू वाहते. ज्याचे हिमोग्लोबिन १४ आहे, त्याच्या १०० मिलिलिटर रक्तात सुमारे १८ मिलिलिटर प्राणवायू असतो. ज्याचे ७ आहे, त्याच्या रक्तात जेमतेम ९. तरीही दोघांच्या बोटावर ९८ हाच आकडा दिसू शकतो. शिवाय दुर्बल हृदयाने रक्त पुरेसे पुढे ढकलले नाही, तर अवयवांपर्यंत पुरवठा कमीच होतो.

जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडलेले या यंत्राचे तत्त्व नाडीच्या स्पंदनावर आधारलेले आहे. हृदय थांबवून, हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने शस्त्रक्रिया चालते, तेव्हा रक्त बहुधा संथ, अखंड धारेने वाहते. नाडी लागत नाही, त्यामुळे बोटाच्या यंत्रावर विसंबता येत नाही. नेमकी तेव्हाच मेंदूची चिंता अधिक असते. कारण शरीराच्या वजनाच्या केवळ २ टक्के असलेला हा अवयव सुमारे २० टक्के प्राणवायू वापरतो.

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील फ्रान्स योब्सिस यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले, की अवरक्ताजवळील प्रकाशकिरण त्वचा व हाडे भेदून आत जातात आणि तेथील प्राणवायूचा अंदाज देतात. कपाळावरील पट्टी याच मार्गाने काम करते. सुई नाही, छेद नाही. तिच्या कक्षेतील बरेचसे रक्त नीलांमधील, म्हणजे मेंदूने आपला वाटा घेतल्यानंतरचे असते. म्हणून हा आकडा शिल्लकेचा आहे. तो साधारणतः ६० ते ८० च्या दरम्यान असतो. ६५ पाहून घाबरण्याचे कारण नाही.

भूल देण्यापूर्वीचा आकडा आरंभीची शिल्लक मानतात. तो ७० असून पुढे ५६ वर आला, म्हणजे सुमारे २० टक्के घसरला, तर भूलतज्ज्ञ व यंत्र चालवणारे तंत्रज्ञ सावध होतात. मान वळली आहे का, नळी सरकली आहे का, रक्तदाब वा हिमोग्लोबिन उतरले आहे का, हे तपासून ते यंत्राचा प्रवाह वाढवतात किंवा आवश्यक तर रक्त देतात.

या साधनालाही मर्यादा आहेत. ते मेंदूच्या पुढील लहानशा भागापुरतेच पाहते. आणि केवळ ते लावल्याने गुंतागुंत टळते, हे संशोधनातून अद्याप निर्विवाद सिद्ध झालेले नाही. ते चिकित्सकाचे साहाय्यक आहे, पर्याय नव्हे.

कुटुंबाने काय करावे? शस्त्रक्रिया पूर्वनियोजित असेल, तर काही आठवडे आधीच हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. लोहाची कमतरता आढळल्यास ती वैद्यकीय सल्ल्याने भरून काढण्यास अवधी मिळतो. अलीकडे दीर्घ उपवास झाला असेल, तर तेही सर्जनना संकोच न करता सांगावे. नखांचा रंग काढून टाकावा. आणि रुग्णाजवळ उभे असताना केवळ ९८ वर समाधान न मानता डॉक्टरांना नम्रपणे विचारावे, ‘हिमोग्लोबिन किती आहे, आणि अवयवांपर्यंत प्राणवायू पुरेसा पोहोचतो आहे ना?’