जवळीक आहे, बरोबरी कुठे?

माणसे सहवासात आली की पूर्वग्रह आपोआप गळून पडतात, असा एक भाबडा समज पुरोगामी वर्तुळात रूढ आहे. सोलापूर जिल्ह्यातील मोडनिंबकडे पाहिले तर तो टिकत नाही. पुणे-सोलापूर रस्त्यावरील या गावाची संगीतबारीची कला केंद्रे लावणीच्या शौकिनांना परिचित आहेत. सधन शेतकरी आणि कोल्हाटी कलावंत स्त्री यांचा सहवास या भागाला नवा नाही. बैठकीत तिच्यावर दौलतजादा होते. 'चिरा' उतरवण्याच्या रूढीने एखादा बागाईतदार तिच्या मुलांचा पिताही होत असे. परंतु त्या मुलांना त्याचे नाव मिळत नसे, आणि त्याच्या घरच्या पंगतीत तिच्यासाठी पाट मांडला जात नसे. इतक्या जवळिकीनेही तुच्छभाव तसूभर हलला नाही, कारण ती जवळीक विकत घेतलेली होती. अमेरिकेच्या दक्षिणेत गोऱ्यांची मुले काळ्या दायांच्या कडेवर वाढली आणि मोठेपणी वर्णभेदाच्या कायद्यांची राखण करू लागली, तीही याच न्यायाने.

हा तुच्छभाव मुलाकडून कोणी पाठ करून घेत नाही. बाप ज्या स्वरात 'कोल्हाटीण' म्हणतो, तो स्वर ते उचलते. शाळेत वडिलांचे नाव विचारले की कोणाची मान खाली जाते, हे ते पाहते. त्या खाली गेलेल्या मानेची कहाणी करमाळा तालुक्यातील नेरल्याच्या किशोर शांताबाई काळे यांनी 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) या आत्मकथनात सांगितली. नर्तकीचा हा मुलगा मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाला. नाव लावले ते आईचे. २००७ साली अपघातात त्यांचे निधन झाले. १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आईचे नाव राज्य सरकारने सक्तीचे केले, ते त्यानंतर सतरा वर्षांनी!

जवळच्याच पंढरपुरात साने गुरुजींच्या मे १९४७ मधील उपोषणाने विठ्ठलमंदिराची दारे अस्पृश्यांना खुली झाली. ते कार्य थोर होतेच. पण दर्शनाच्या रांगेत खांद्याला खांदा लागतो, आणि रांग सुटताच जो तो आपापल्या वस्तीत परततो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच बजावले होते की, समान दर्जा, समान उद्दिष्ट आणि संस्थेचे पाठबळ असेल तरच सहवास पूर्वग्रह ओसरवतो. वसतिगृहाची एक खोली, एकाच ताटातली भाकरी, एकाच संपातला उपवास यांत ते घडू शकते. तेथे कोणी कोणाचा आश्रयदाता नसतो.

पक्षनिधीसाठी लावणीचा कार्यक्रम ठेवणाऱ्या शाखांनी निदान एवढे तपासावे: कार्यक्रम आटोपल्यावर त्या कलावंत स्त्रिया कोणाच्या घरी जेवतात? आणि कार्यकर्त्यांच्या मुलांच्या मित्रांत त्यांच्या मुलांपैकी कोणी आहे काय?